सोपटाचं माप

आमच्या घराण्यात माणसाची आडवी आंघोळ दोनदाच होते. पहिली सुईणीच्या पायांवर आणि दुसरी तिरडीशेजारी. दोन्ही वेळा आंघोळ करणाऱ्याचं मत कोणी विचारत नाही. त्यामुळे मी जिवंत असताना, पूर्ण शुद्धीत, झोपून आंघोळ करावी असं माझ्या मोठ्या भावाच्या मनात का आलं, हे आधी सांगायला हवं.

आम्ही मुक्ताईनगरच्या बाजूचे. घरची केळी. वडिलांनी एकदा दोघा भावांना समोर बसवून सांगितलं की मळा सांभाळायला एक जण लागेल, दुसऱ्यानं शिकावं. भाऊ तेव्हा दहावीला होता. सगळं गाव त्याला भाऊ म्हणतं, म्हणून मीही भाऊच म्हणतो. तो उठला आणि मोटार चालू करायला मळ्यात गेला. तेवढ्यावर माझं शिक्षण ठरलं. पुढं माझ्या परीक्षेच्या दिवशी तो मला विहिरीवरच्या हौदात मोटारीच्या धारेखाली उभा करायचा आणि खसखसून आंघोळ घालायचा. डोकं थंड झालं की गणितं सुटतात, असं त्याचं मत होतं. गणितं काही सुटली नाहीत. मी विज्ञानाकडे वळलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि जळगावच्या एका शाळेत शिकवायला लागलो. भावाचं मत मात्र आजही तेच आहे.

जळगावातच, मेहरूणच्या बाजूला, मी घर बांधायला काढलं. प्लास्टर चालू होतं त्या दिवसांत भाऊ एका लग्नासाठी धुळ्याला गेला. तिथं हायवेला एक जुनं हॉटेल पाडत होते आणि आतलं सामान बाहेर मांडून विकत होते. त्यात त्याला टब दिसला. टब काय असतो हे त्याला माहीत होतं. केळीच्या एका व्यापाऱ्यानं त्याला पूर्वी कुठल्याशा मोठ्या हॉटेलात उतरवलं होतं. तिथल्या टबात त्यानं आपली पिशवी ठेवली आणि बाहेर उभं राहून बादलीनं आंघोळ केली. पण ती वस्तू त्याच्या मनात घर करून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी भावाची पिकअप आमच्या दारात उभी राहिली. आत केळीच्या पानांवर, नवी सून आणावी तसा, टब निजवलेला होता. रंग एके काळी गुलाबी असावा.

मी म्हणालो, "भाऊ, हे कशाला?"

"तू आता सर झाला. बादलीनं काय आंघोय करतो? झोपीसन कर."

ज्या माणसानं माझ्यासाठी शाळा सोडली, त्यानं आणलेला टब नको म्हणण्याइतकं शिक्षण मी घेतलेलं नाही.

टब सरळ असता तर गोष्ट इथंच संपली असती. हा एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता आणि मध्ये पोट सुटलेला होता. भरताचं वांगं उभं चिरून आडवं ठेवावं तसा. हॉटेलवाल्यांनी तो नक्की कुठल्या कोपऱ्यासाठी घेतला होता, देव जाणे. आमच्या न्हाणीघरात तसा कोपरा नव्हता. मागची बाजू कशीबशी भिंतीला लागली आणि पुढचं पोट खोलीभर पसरलं. नळ जोडणाऱ्या मिस्त्रीनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि शांतपणे विचारलं की सर, तुमच्या कॉलनीत पाणी कितव्या दिवशी येतं. मी सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि मग जोडणी करून दिली. मी त्याचेही आभार मानले.

टबाला पुढून झाकण लागतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चित्रात टब पाहिला की आपल्याला वाटतं तो तसाच गुळगुळीत जमिनीतून वर येतो. प्रत्यक्षात खाली विटांचे ढीग असतात, पाण्याचे पाइप असतात आणि टबाची बाहेरची बाजू खरखरीत, काथ्या चिकटवल्यासारखी असते. हे सगळं लपवायला पुढं जो पडदा लावतात त्याला पॅनेल म्हणतात. आमच्या टबाचं पॅनेल हॉटेलच्या भिंतीबरोबरच पाडलं गेलं होतं. जळगावातल्या दुकानदारांनी मला सरळ पॅनेलं दाखवली. मी हवेत हात फिरवून वांग्याचा आकार काढला. एकानं सांगितलं की असा टब असूच शकत नाही. दुसऱ्यानं सुचवलं की टब बदला. तिसरा माझा विद्यार्थी निघाला. त्यानं चहा पाजला.

वास्तुशांत वैशाखात ठरली होती. आमच्याकडे वास्तुशांतीला आलेला पाहुणा जेवणाआधी घर बघतो. बघतो म्हणजे तपासतो. कपाटं उघडतो, नळ सोडून बघतो, फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कुठली पोकळ वाजते ते मोठ्यानं सांगतो. न्हाणीघर तर हमखास बघतो. आणि पाहुण्यांत धुळ्याचे नाना येणार होते. नाना म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या कामातली चूक काढण्यात त्यांची नोकरी गेली आणि आता निवृत्तीही त्यातच चालली आहे. आमच्या साखरपुड्यात त्यांनी भावाला विचारलं होतं की आपलं शिक्षण कुठं झालं. भावानं दहावी सांगितल्यावर ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. शेतकरीही लागतातच की." सगळे हसले. भाऊही हसला. त्या दिवसापासून भाऊ धुळ्याला गेला तरी नानांच्या गल्लीतून जात नाही.

हे बायकोलाही ठाऊक होतं. ती बापासारखी नाही, पण न्हाणीघर तिचं होतं. तिनं मला बजावलं, "अहो, पाहुण्यांसमोर हा असा उघडानागडा राहिला तर दुसऱ्या दिवशी गावाला पाठवायचा. ढेप भिजवायला तरी उपयोग होईल."

सरकीची ढेप आम्ही म्हशींना भिजवून घालतो. मी हा निरोप भावाला फोनवर जमेल तितका गोड करून सांगितला.

"म्हंजे मी आनलेली वस्तू गोठ्यात जाईन?"

"नाही जाणार," मी म्हणालो. "पॅनेल करू."

शब्द तर दिला. भावानंच मग धुळ्यात एक सुतार शोधला. हा लग्नाचे स्टेज आणि कमानी करणारा. वाकणारं प्लायवूड त्याच्या हातचा मळ. जळगावातले सुतार गोलाई म्हटली की हात जोडायचे. हा म्हणाला, फक्त वळणाचं माप आणून द्या, बाकी माझ्यावर सोडा.

माप कसं घ्यायचं यावर आमच्याकडे एक पूर्ण रविवार गेला. टेप त्या पोटावर बसेना. पुठ्ठा वाकवला की मोडायचा. बायकोनं सांगितलं की ब्लाउजचं बेतते तसं वर्तमानपत्र चिकटवून बेतून देते. मी विज्ञानाचा शिक्षक. वर्तमानपत्राला लवचिकता असते पण दृढता नसते, असं मी तिला समजावलं. ती स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात भाऊ गावाहून आला, आणि आला तो सोपटं घेऊन.

केळीच्या खांबावर सालांचे जे थर असतात, त्यातल्या एकेका सालाला सोपट म्हणतात. माणसाहून लांब, रुंदीला हातभरापेक्षा थोडं कमी, आणि ओलं असताना चामड्यासारखं मऊ. आमच्या बाजूला सोपटानं काय होत नाही? भाजीच्या जुड्या बांधतात, पंगतीत द्रोण करतात, शेतात ऊन लागलं तर डोक्यावर घेतात. बांधावर भेगाळलेल्या पाइपलाही आधी सोपट गुंडाळतात आणि मग मिस्त्रीला फोन करतात. त्यामुळे भावाला दुसरं काही सुचलं असतं तरच नवल. त्यानं एक सोपट टबाच्या कडेखालून लावलं, एक जमिनीलगत लावलं, आणि दोन्ही उभ्या तुकड्यांनी जोडून बाभळीच्या काट्यांनी टाचली. ते टबाला असं घट्ट बसलं की जणू टब त्यातच पिकला होता. आम्ही दोघं मागे सरून बघत राहिलो. मला भावाचा अभिमान वाटला. आपल्याकडे किती ज्ञान आहे आणि आपण ते बाहेर शोधतो, असं काहीसं मी बोललोही.

बायकोनं दारातून विचारलं, "धुळ्याला जाईपर्यंत वाळलं तर?"

भाऊ म्हणाला, ओल्या गोणपाटात नेतो, दोन दिवस काही होत नाही. माझं उत्तर जास्त शास्त्रीय होतं. मी सांगितलं की उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात. झालंच तर माप जरा मोठं होईल, आणि मोठं कापता येतं. हे वाक्य मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवतो. त्या वर्गानं कधी शंका काढली नाही. बायकोनंही काढली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली.

भावानं माप ओल्या गोणपाटात गुंडाळून, वाटेत दोनदा पाणी मारत, धुळ्याला पोचवलं. तिथवर सगळं ठीक झालं. पण तो सुतार स्वच्छतेचा माणूस. ओलं माप आपल्या प्लायवूडवर ठेवायला त्याचं मन होईना. त्यानं ते भावाच्या पाठीमागं पत्र्यावर उन्हात टाकलं. वैशाखातलं खान्देशातलं ऊन, खाली पत्रा. दुसऱ्या दिवसापर्यंत सोपट आकसलं, कडा आत वळल्या, आणि आमच्या टबाचं पोट होतं त्याहून जास्त सुटलं. आणि त्या वाळक्या वळणावर त्यानं अतिशय इमानदारीनं, केसाचाही फरक न करता, पॅनेल केलं.

ते वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी आलं. गोणपाट काढलं. सुतार लग्नाच्या स्टेजचा, हे आम्ही विसरलो होतो. पॅनेलवर सोनेरी रंगाचे दोन मोर समोरासमोर उभे होते आणि वरून आंब्याच्या पानांचं तोरण कोरलेलं होतं. फक्त मधलं शुभविवाह तेवढं त्यानं लिहायचं सोडलं होतं.

बायको म्हणाली, "मोर चालतील. लावून तर बघा."

लावून बघितलं. पॅनेल रुंद टोकाला टेकलं, पोटापाशी टबापासून लांब राहिलं आणि निमुळत्या टोकाला पोचलंच नाही. तिथं एवढी फट पडली की आतल्या विटा, पाइप आणि मिस्त्रीनं विसरलेली एक चप्पल सगळं दिसत होतं. पोटाजवळची जागा वरून पाट टाकून झाकता आली. फटीचं काही करता येईना. मी सुताराला फोन केला. तो चिडला नाही, त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"माप जसं उनं, तसंच काम करं भाऊ," तो म्हणाला. "ते वांगं मी कुठे देखेल शे?"

त्याचंही खरं होतं. माप जसं आलं तसं त्यानं काम केलं, आणि टब त्यानं बघितलाच नव्हता. सगळे खरे होते आणि फट तेवढी राहिली होती.

भाऊ न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मी म्हणालो की उद्या खोलीला कुलूप लावून टाकू. तो म्हणाला की बंद खोली दिसली तर नाना आधी तीच उघडायला लावतील. हेही खरं होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "जाऊ दे. टब उद्याच पिकअपमध्ये टाकतो. लोकं यायच्या आधी नेतो." आणि बाहेर दाराला केळीचे खांब बांधायला गेला. त्यानं वास्तुशांतीसाठी मळ्यातून चांगले गावठी, पानांसकट खांब आणले होते. दाराला दोन लागतात. आमच्याकडे कुणी दोन आणत नाही, एक वाटेत मोडेल म्हणून तीन आणतात. एकही मोडला नव्हता.

तिसरा खांब उचलून न्हाणीघरात कोणी नेला, याबद्दल आजही वाद आहे. मी म्हणतो बायकोनं. ती म्हणते, मी फक्त पाय पुसायला तिकडं गेले होते. एवढं खरं की सकाळी उठून बघितलं तर फटीच्या जागी तो खांब उभा होता, आणि त्याची पानं टबावर झुकली होती. त्याच पहाटे कॉलनीत पाणी आलं. जळगावात पाणी आलं की माणूस विचार करत नाही, दिसेल ते भरतो. बादल्या भरल्या, पिंप भरलं, पातेली भरली, आणि टबही काठोकाठ भरला. भरलेला टब पिकअपमध्ये टाकता येत नाही. भाऊ ते पाणी बघत उभा राहिला.

नाना वेळेवर आले. कपाटं उघडली, दोन फरशा पोकळ निघाल्या, खिडकीची एक कडी त्यांना सैल वाटली. मग ते न्हाणीघराकडे वळले. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं पाहुण्यांचा घोळका, आणि सगळ्यांच्या शेवटी, पाण्याचा तांब्या हातात घेऊन, उगीच कामात असल्यासारखा, भाऊ. नाना आत शिरले. सोनेरी मोर, तोरण, केळीचा खांब आणि मधोमध भरलेलं गुलाबी पात्र. त्यांनी चष्मा वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, साखरपुड्यातलं हसू यायला लागलं होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे वांगं कुणाच्या शेतातलं?"

दोघंतिघं हसलेच. तेवढ्यात आमची अक्का घोळक्यातून कोपरानं वाट काढत आत आली. अक्का म्हणजे माझी आत्या, घरातली सगळ्यांत मोठी बाई. तिला लांबचं दिसत नाही आणि जवळचं ती स्वतःच्या मतानं बघते. नव्या घरात आधी पाण्याच्या जागेची पूजा झाली पाहिजे, मग बाकी सगळं, असा आमच्याकडे नियम आहे. गावात ती माठाची होते. अक्कानं मोर बघितले, तोरण बघितलं, खांबाला हात लावला, पाण्यात बोट बुडवलं.

"एवढं पान्याचं सजवलं आन हयद-कुकू कोनी लावलं नही?" ती सरळ नानांकडं वळली. "पाव्हने, तुम्ही पुढं उभे, तुमाले नही समजत? हसता काय?"

नाना हसायचे थांबले. अक्कानं कुंकवाचं बोट एका मोराच्या कपाळी लावलं, दुसऱ्या मोराच्या लावलं आणि मग टबाच्या कडेला पाच बोटं ओढली. तिचं बघून बाकी बायका पुढं झाल्या. कुणी तांदूळ टाकले, कुणी फूल सोडलं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे खुद्द नानांच्या पत्नीनं, ओटीचा नारळ टबाच्या काठावर ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. नानांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. त्यांच्यानंतर ते हसलेले दोघंतिघंही. मीही जोडले. विज्ञानानं मला अशा वेळी काय करायचं हे शिकवलेलं नाही, आणि अक्काचा हात मला लहानपणापासून माहीत आहे.

"हे कोनी आनलं?" अक्कानं विचारलं.

कोणी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, "भाऊंनी."

"मंग," अक्का म्हणाली. मी वळून बघितलं तर भाऊ तांब्या घेऊन पंगतीकडं निघाला होता. त्या दुपारी त्यानं स्वतः भरीत वाढलं. नानांच्या पानात त्यानं तीनदा वाढलं आणि नानांना तिन्ही वेळा नको म्हणता आलं नाही.

टब गोठ्यात गेला नाही. आता तो जाऊही शकत नाही, कारण पूजलेली वस्तू म्हशींपुढं ठेवायची कशी, असं बायकोच म्हणते. अर्थात पूजलेल्या पाण्यात पाय तरी कसा घालायचा? त्यामुळे झोपून आंघोळ आमच्या घरात अजून कोणी केलेली नाही. आम्ही टबाच्या शेजारी पाटावर बसून बादलीनं आंघोळ करतो आणि त्याच्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून जपतो. पाणी येतं त्या दिवशी तो भरतो, आणि पुढच्या दिवसांत कॉलनीतल्या चार बायका त्यातलं पाणी कळशीनं घेऊन जातात. जाताना एक फूल ठेवतात. अक्का फोन करून विचारते की जागा कोरडी तर नाही ना ठेवत.

केळीचा खांब काही टिकाऊ वस्तू नाही. आठवड्याभरात तो काळा पडतो, वाकतो, मागची चप्पल दिसायला लागते. पहिला वाळला तेव्हा भाऊ गावाहून नवीन घेऊन आला. घर बांधायच्या आधी तो आमच्याकडं वर्षातून एकदा यायचा, तोही दारातूनच परत जायच्या घाईत असायचा. आता तो खांब बदलायला येतो. नवीन खांब बसवतो, पॅनेलवरच्या मोरांची धूळ आपल्या उपरण्यानं पुसतो, जेवतो आणि न चुकता मला विचारतो,

"झाला का आडवा?"

"अक्का आहे तोवर नाही."

"मंग बरं हाये," तो म्हणतो. "अक्का शंभर वर्षं जगो."

दिवाळीच्या आधी धुळ्याच्या सुतारानं आपणहून फोन केला. त्याच्या मनाला ते पॅनेल लागून राहिलं होतं. बरोबर माप पाठवा, नवीन करून देतो, म्हणाला. बायकोनं त्याच दुपारी वर्तमानपत्रं चिकटवून, टाचण्या लावून, टबाचं माप बेतलं. कुठं सुरकुती नाही, कुठं फट नाही. मी ते घडी करून पिशवीत घातलं आणि रविवारी धुळ्याला जायचं ठरवलं.

शनिवारी भाऊ खांब घेऊन आला. जेवताना त्यानं बायकोला विचारलं की पुढच्या खेपेला पानं जरा मोठी आणू का, मोरांवर छान पडतील. ती म्हणाली, आणा. तो गेल्यावर मी पिशवी शोधायला लागलो. पिशवी रिकामी होती. बायको स्वयंपाकघरात फराळाचे डबे लावत होती. टबाचं माप, घडी उलगडून, फडताळाच्या तिन्ही कप्प्यांत नीट कापून अंथरलेलं होतं, आणि चकलीच्या डब्याखालून वांग्याच्या पोटाची गोलाई थोडी बाहेर डोकावत होती.

"उद्या धुळ्याला जायचं होतं ना," मी म्हणालो.

"कशाला?" ती म्हणाली, आणि पुढचा डबा ठेवला.